फ्रीज आहे म्हणजे घर सावरलं?

डिचोलीकरीण:
नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक नुसत्या कमाईवर नाही, तर पोषण, शाळा, घरातल्या वस्तू अशा 12 निकषांवर गरिबी मोजतो. त्यात गोव्यातल्या गरिबांचं प्रमाण 2015-16 च्या 3.76 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 0.84 वर आला. तो दाखवून परवा एक ओळखीचे म्हणाले, गोव्यात गरिबी उरलीच नाही. मला हे मुळीच पटत नाही. हे आकडे ज्या दोन घरोघरच्या पाहण्यांवरून काढले, त्यांच्या मधेच, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांवरचं काम थांबलं. आमच्या वाड्यावर खाणीचे ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले, बायकांचं सोनं सोसायटीत गहाण पडलं. पण मालमत्तेच्या निकषात फ्रीज आणि मोटरसायकल असली की घर सुटतं, आणि ती खरेदी ट्रक चालत होते तेव्हाची. शेजारणीच्या फ्रीजच्या दाराचं रबर गेलंय. दार दोरीने बांधून चालवते. रबर बदलायचं राहतंय, कारण आधी मुलीचा कॉलेजचा बसपास. अशा घराची घसरण कोण मोजतं?

फोंड्याचा:
ताई, तुम्ही 12 पैकी एकाच निकषावर बोट ठेवताय. पोषण, शाळा, पाणी, वीज, संडास हेही त्यात आहे. माझ्या आजीचं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं. पावसात ओली लाकडं फुंकून तिचे डोळे सुजलेले मी पाहिलेत. पहाटे काळोखात शौचाला काजूच्या बागेत जावं लागायचं ते वेगळंच. हे सगळं गेलं, आणि ट्रक थांबला म्हणून ते परत आलं नाही. खाणबंदीने कमाई बुडाली हे खरं, पण त्या घराला आणि आजीच्या घराला एकाच मापात घालू नका.

सत्तरीहून:
सिलिंडर असतो हो, भरायला पैसे कुठे? आमच्याकडे गॅस पाहुण्यांपुरता.

फोंड्याचा:
पाहणीत सिलिंडर आहे का एवढ्यावर भागत नाही. स्वयंपाक मुख्यतः कशावर होतो, हे विचारतात. तुमची चूल तिथे नोंदली जाईल.

डिचोलीकरीण:
चूल नोंदली जाईल, उधारी नाही. शिवाय दर फेरीला घरं नवी निवडतात, त्यामुळे 2015 मधलं घर पुढे वर गेलं की खाली, हे कळायला मार्गच नाही. दुसऱ्या पाहणीचं गोव्यातलं काम तर 2019 मध्ये, कोविडच्या आधीच उरकलं. लोकांची ओढाताण मोजताना युरोपियन संघ 13 गोष्टी विचारतो: झिजलेलं फर्निचर बदलता येतं का, एक दिवसाआड मासळी-मांस किंवा तितकंच सकस शाकाहारी जेवण परवडतं का, अचानक आलेला खर्च पेलतो का. आपल्याकडे एक प्रश्न वाढवा: चतुर्थीचं सामान उधारीशिवाय भरता येतं का?

फोंड्याचा:
'परवडतं का' विचारलं की सगळेच नाही म्हणतील. गृहिणींना महिन्याला मिळणाऱ्या सरकारी गृह आधार योजनेच्या 1500 रुपयांशी उत्तर जोडलं गेलं तर विचारूच नका.

डिचोलीकरीण:
म्हणूनच तिथे 'परवडत नाही' आणि 'नकोच आहे' ही उत्तरं वेगळी घेतात. आणि नावाशिवाय विचारलं, योजनेच्या अर्जापासून लांब ठेवलं, तर खोटं कशाला सांगतील? डिचोली, सत्तरी, सांगे इथली काही घरं धरा आणि दर वर्षी त्यांच्याच दारात जा.

फोंड्याचा:
तीच घरं पुन्हा पाहायची, हे मान्य. पण 12 निकषांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.