डोंगरात आणि द्राक्षबागेत ड्रोनच्या स्वयंचलित उड्डाणावर कितपत विसंबावे?

द्राक्षमळा (दिंडोरी तालुका)

नमस्कार मंडळी. माझी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि गेल्या वर्षभरापासून हौसेखातर मी अडीचशे ग्रॅमच्या आतला एक कॅमेरा-ड्रोन उडवतो. यंत्राला समोर, मागे आणि खाली पाहणारे सेन्सर आहेत. बाजूला आणि वर नाहीत. हाताने उडवण्याचा सराव बेताचाच असल्यामुळे माझी भिस्त प्रामुख्याने स्वयंचलित मोडवर असते. मात्र दोन प्रसंगांनंतर हा भरवसा डळमळला आहे.

पहिला प्रसंग बागेतला. पुतण्या ट्रॅक्टरवर फवारणी करीत होता. पडद्यावर त्याच्याभोवती चौकट काढून मी पाठलागाचा मोड सुरू केला. दोन ओळी चित्रण सुरेख झाले. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी ट्रॅक्टर वळला, त्याला कडेने चौकटीत धरण्यासाठी ड्रोन आडवा सरकला आणि पक्ष्यांसाठी लावलेल्या जाळीच्या वरच्या तारेत अडकून खाली आला. दोन पाती तुटली, एवढ्यावरच निभावले.

दुसरा प्रसंग रामशेज किल्ल्याचा. पायथ्याच्या आशेवाडीजवळून उड्डाण केले, ड्रोन डोंगराच्या एका सोंडेमागे गेला आणि संपर्क तुटला. ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे यंत्र आपोआप परतताना जी उंची गाठते ती, मी साठ मीटर ठेवली होती. संपर्क परत आला तेव्हा यंत्र माझ्याकडे सरळ रेषेत येण्याच्या प्रयत्नात कड्यासमोर थबकून उभे होते. (ज्या किल्ल्याने मोगलांना पाच-साडेपाच वर्षे झुलवले, त्याने माझे यंत्र दहा मिनिटे झुलवले, यात तक्रार करण्यासारखे काही नाही.)

प्रश्न असा की, यांपैकी कोणत्या मोडवर विसंबावे आणि कोणत्यावर नाही, हे ठरवावे कसे? चारही बाजूंना सेन्सर असलेले महाग मॉडेल घेतल्याने हे दोन्ही अपघात टळले असते का? शिवाय खरड छाटणीपासून (उन्हाळ्यातली द्राक्षवेलींची छाटणी) काढणीपर्यंत बागेचे एकाच कोनातून चित्रण करण्याचा विचार आहे. त्यासाठी काय वापरावे?

लग्नसराई (नाशिकरोड)

आपल्या पहिल्या प्रसंगाचे उत्तर आपल्याच वाक्यात आहे: यंत्राला बाजूला डोळे नाहीत आणि ते बाजूला सरकले. तयार मोड वापरण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, की या मोडमध्ये यंत्र कोणत्या दिशेने जाणार आहे आणि त्या दिशेला त्याला दिसते का. ‘ड्रोनी’ मागे आणि वर जातो, ‘रॉकेट’ सरळ वर जातो, ‘सर्कल’ आडवा फिरतो, ‘हेलिक्स’ आडवा फिरत वर चढतो. ‘सर्कल’मध्ये कॅमेरा आणि समोरचे सेन्सर सतत मध्यावरच्या विषयाकडे रोखलेले असतात, म्हणजे यंत्र अक्षरशः खेकड्यासारखे चालत असते आणि वाटेत आलेली सिल्व्हर ओकची फांदी त्याच्या गावीही नसते. आपल्या यंत्रावर ‘ड्रोनी’ मोकळ्या रानात बऱ्यापैकी सुरक्षित आहे. ‘सर्कल’ आणि ‘हेलिक्स’ मात्र आधी तेच वर्तुळ हाताने, सावकाश, त्याच उंचीवर एकदा फिरून पाहिल्याशिवाय मी कधीही सुरू करत नाही.

आता तारेबद्दल. हे सेन्सर म्हणजे बहुतेक वेळा कॅमेऱ्यांची जोडी असते. आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे दोन चित्रांतील फरकावरून अंतर काढले जाते आणि त्यासाठी पृष्ठभागावर काहीतरी पोत, काहीतरी खूण दिसावी लागते. द्राक्षवेली चढवलेल्या मांडवाची तार किंवा पक्षिरोधक जाळीचा धागा काही मीटरवरून त्या चित्रात एखाद्या ठिपक्याएवढाही जाड उमटत नाही, त्यामुळे त्याचे अंतर निघतच नाही. काच, पाण्याचा संथ पृष्ठभाग आणि एकरंगी भिंत यांचेही असेच होते. स्कायडिओ कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या आर१ या ड्रोनला एकूण तेरा कॅमेरे होते, तरीही बारीक तारा आणि निष्पर्ण फांद्या यांपुढे त्याचाही इलाज चालत नसे. तेव्हा महाग मॉडेलने आपला पहिला अपघात टळला असता, असे मी म्हणणार नाही. झाडांचे खोड, घराची भिंत, डोंगराचा कडा यांच्यासाठी चहूबाजूंचे सेन्सर निश्चित उपयोगी आहेत, मांडवासाठी नाहीत.

माझा व्यवसाय लग्नाच्या चित्रणाचा आहे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर संध्याकाळी कमानीपासून मंचापर्यंत दिव्यांच्या माळा ओढलेल्या असतात. उजेड कमी झाला की सेन्सर आपोआप निकामी होतात, ‘स्पोर्ट’ हा वेगवान मोड लावला तर बहुतेक यंत्रांत ते बंदच होतात आणि नवरदेवाचे मामा मात्र “तो गोल फिरणारा शॉट घ्या” म्हणून मागे लागलेले असतात. अशा वेळी मी ‘स्पॉटलाइट’ वापरतो. त्यात कॅमेरा विषयावर खिळवून ठेवण्याचे काम यंत्र करते, पण यंत्र कुठे न्यायचे हे माझ्याच हातात राहते. ज्यांचा हाताचा सराव कमी आहे त्यांनी पाठलागाच्या मोडऐवजी याच मोडपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

समोच्चरेषा (इंदिरानगर)

मी भूमापनाच्या कामात आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रसंगावर थोडे सविस्तर लिहितो. कारण सह्याद्रीच्या अंगाला ड्रोन गमावणारे बहुतेक हौशी लोक इथेच फसतात.

पडद्यावर दिसणारी उंची ही यंत्राखालच्या जमिनीपासूनची नसते. ती उड्डाणाच्या जागेपासूनची असते. यंत्रातील दाबमापक उड्डाणाच्या क्षणी हवेचा दाब शून्य उंची म्हणून धरतो आणि पुढे दाब जसा कमी होईल तशी उंची वाढली असे मानतो. समुद्रसपाटीच्या आसपास दर साधारण साडेआठ मीटरला दाब एक हेक्टोपास्कलने (हवेच्या दाबाचे एकक) उतरतो, आपल्याकडे त्याहून किंचित जास्त अंतर लागते. खाली पाहणारे सेन्सर जमिनीचे खरे अंतर मोजतात, परंतु ते मोजके मीटरच पोहोचतात. म्हणजे आशेवाडीतून साठ मीटर ठरवले, तर त्याचा अर्थ आशेवाडीच्या त्या शेताच्या वर साठ मीटर, आणि रामशेजची सोंड त्याहून कितीतरी उंच. ‘रिटर्न टू होम’ला होम पॉइंट, म्हणजे परतण्याची जागा, कुठे आहे हे ठाऊक असते, मध्ये डोंगर आहे हे ठाऊक नसते. ठरवलेल्या उंचीपर्यंत चढायचे (आधीच वर असेल तर त्याच उंचीवर राहायचे), सरळ रेषेत यायचे आणि उतरायचे, एवढाच त्याचा मूळ कार्यक्रम. संपर्क तुटल्यावर काही मॉडेल्स आधी आलेल्या वाटेने थोडे अंतर मागे येतात आणि नव्या महाग मॉडेल्समध्ये वाटेतील अडथळे पाहून मार्ग बदलण्याची सोय आहे, पण तीही पुरेसा उजेड असला तरच. आपले यंत्र कड्यासमोर थांबले ते समोरच्या सेन्सरमुळे. सायंकाळ असती तर कदाचित थांबले नसते. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की महाग मॉडेल या प्रसंगी वाट काढू शकले असते, मात्र उंची नीट ठरवली असती तर त्याची गरजच पडली नसती.

गडावरून उडवताना उलट फसगत होते. माथ्यावरून निघालेला ड्रोन दरीत उतरला की पडद्यावर उणे उंची दिसू लागते. बॅटरी उतरल्यावर परतीचा आदेश निघतो, तेव्हा त्याला आधी माथ्यापर्यंत चढून मग यावे लागते आणि चढताना बॅटरी सर्वांत वेगाने संपते. त्यात पश्चिमेचा वारा. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवर दुपारनंतर वारा वाढला की पूर्वेला वाऱ्याच्या पाठीवर बसून गेलेले हलके यंत्र परत येताना जागच्या जागी झुंजत राहते. त्यामुळे जाताना वाऱ्याविरुद्ध जावे आणि येताना वाऱ्याबरोबर यावे, ही बैलगाडीच्या काळातही कुणी शिकवावी न लागलेली गोष्ट इथे आवर्जून पाळावी लागते.

डोंगरात उडवण्यापूर्वी मी तीन गोष्टी करतो. नकाशावरील समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) पाहून वाटेतील सर्वांत उंच जागा उड्डाणाच्या जागेपेक्षा किती वर आहे ते काढतो आणि परतीची उंची त्याहून तीस मीटर अधिक ठेवतो. ती नियमातील मर्यादेत बसत नसेल तर ती जागाच सोडून देतो. संपर्क तुटल्यास परत यावे, जागीच थांबावे की खाली उतरावे, ही निवड सेटिंगमध्ये असते; सोंडेमागे जायचे असेल तर ‘जागीच थांबावे’ निवडतो, म्हणजे मी चार पावले सरकून संपर्क परत मिळवू शकतो. आणि उड्डाण गाडीच्या बॉनेटवरून किंवा सळयांच्या स्लॅबवरून करत नाही, कारण लोखंडामुळे होकायंत्र बिघडते आणि मग जीपीएस उत्तम असूनही यंत्र गोल गोल वाहवत जाते.

बागेच्या वर्षभराच्या चित्रणासाठी ‘वेपॉइंट’ हा एकच मोड मला योग्य वाटतो. मार्गातील बिंदू, प्रत्येक बिंदूवरील उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि वेग एकदा जतन केला की छाटणी झालेली उघडी बाग, पालवी, फुलोरा, घडांत पाणी उतरण्याचा काळ आणि काढणी हे सारे जवळजवळ त्याच चौकटीत मिळते. ‘जवळजवळ’ अशासाठी की साध्या जीपीएसमध्ये एक-दोन मीटरची चूक गृहीत धरावीच लागते. पण वर सांगितलेली गोष्ट इथे पुन्हा येते: साठवलेली उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असल्यामुळे प्रत्येक वेळी उड्डाण नेमके त्याच जागेवरून करावे. एकदा विहिरीच्या कठड्यावरून आणि एकदा बांधावरून उडवले, तर दोन्ही चित्रणे एकमेकांवर बसणार नाहीत आणि कमी उंचीवर मांडवाशी गाठ पडेल ती वेगळीच. आपल्या मॉडेलमध्ये ही सोय आहे का ते आधी पाहावे. अनेक हलक्या मॉडेल्समध्ये ती नसते आणि नवीन यंत्र घ्यायचेच असेल तर मी सेन्सरपेक्षा या कारणासाठी घेईन.

जुना हात (सिडको)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरीही एक वेगळा सूर लावतो. २०१६ मध्ये डीजेआय कंपनीच्या फँटम ४ या ड्रोनने समोरचे अडथळे टाळणे आणि चित्र पाहून पाठलाग करणे या दोन्ही सोयी सामान्य ग्राहकापर्यंत आणल्या. त्याआधीचे बहुतेक ‘फॉलो’ मोड माणसाचा नव्हे, तर त्याच्या खिशातील फोनच्या जीपीएसचा माग काढीत. आताचे यंत्र आकार आणि रंग पाहते. त्यामुळे विषय पानाआड गेला की ते अंदाज बांधते आणि सारख्या दिसणाऱ्या दोघांत गल्लत करते. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंडीत एका वारकऱ्याभोवती चौकट काढण्याची कल्पना करा: सर्वांचे धोतर पांढरे, सर्वांची टोपी पांढरी, दहा पावलांत यंत्राचा माणूस बदललेला असेल. (गर्दीवरून ड्रोन उडवूच नये, हा भाग वेगळा.) म्हणून मी नवशिक्याला पहिले वीस तास सर्व मोड बंद ठेवून, मोकळ्या माळावर इंग्रजी आठचा आकडा काढायला लावतो. ज्याला यंत्र हाताने थांबवता येत नाही, त्याने ते आपोआप सुरू करू नये.

लग्नसराई (नाशिकरोड)

वीस तास जरा अतीच होतात, साहेब. शेतकऱ्याला हंगामात वीस मिनिटे मिळत नाहीत. मात्र थांबण्याचे बटण डोळे मिटूनही सापडले पाहिजे, याबाबत पूर्ण सहमत आहे.

एक राहिले. बागेवर ढगांच्या सावल्या सरकताना दाखवायच्या असतील तर ‘हायपरलॅप्स’ (ठरावीक अंतराने काढलेली छायाचित्रे जोडून केलेली वेगवान चित्रफीत) करून पाहा, पण आधी हिशेब मांडा. दर दोन सेकंदाला एक छायाचित्र आणि चित्रफितीत सेकंदाला पंचवीस चौकटी (फ्रेम) धरल्या, तर दहा सेकंदांच्या चित्रफितीला अडीचशे छायाचित्रे, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. अर्ध्या तासाची म्हणून विकलेली बॅटरी वाऱ्यात वीस-बावीस मिनिटेच साथ देते, हे लक्षात घेता एका बॅटरीत एकच, फार तर दोन प्रयत्न होतात.

वाटाड्या (देवळाली)

नियमांची बाजू थोडक्यात. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत परवानगीची गरज नसते. आपल्याकडे ओझरचा विमानतळ, गांधीनगरची धावपट्टी आणि देवळालीचे लष्करी क्षेत्र यांमुळे शहर व परिसराचा बराच भाग पिवळ्या किंवा लाल रंगात, म्हणजे परवानगी लागणाऱ्या क्षेत्रात, येतो. म्हणून दर वेळी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडावा आणि पोलिसांची तात्पुरती बंदी आहे का तेही पाहावे. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आणि नांदूर मध्यमेश्वर वन खात्याकडे आहे, तिथे आधी लेखी परवानगी हवी. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी असतात, तिकडे नकाशात काहीही दिसले तरी जाऊ नये. स्वयंचलित मोडमध्ये चूक झाली तरी जबाबदारी रिमोट हातात असलेल्याचीच धरली जाते.

द्राक्षमळा (दिंडोरी तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या यंत्रात ‘वेपॉइंट’ नाही, असे तपासल्यावर कळले. म्हणून आमच्याच गावातील एका मित्राचे यंत्र रविवारी मागून आणले. पंपघराच्या ओट्यावर चुन्याने फुली मारून तिथूनच उडवले. आधी संपूर्ण मार्ग हाताने फिरवला, तेव्हा तिसरा बिंदू शेजाऱ्यांच्या बांधावरील सिल्व्हर ओकच्या शेंड्याला जेमतेम चुकवून जातो, असे दिसले. तो दहा मीटरने वर घेतला, जाळीच्या बाजूचा चौथा बिंदू काढूनच टाकला आणि मग तोच मार्ग दोनदा आपोआप उडवला. दोन्ही चित्रणे एकमेकांवर ठेवून पाहिली. पंपघराचे छप्पर हातभर सरकलेले दिसते, बाकी ओळीवर ओळ बसते. पुतण्याने फुलीवर रंग मारून ठेवला आहे.