बाळाला वेखंड द्यायचं का? सासूबाई आणि डॉक्टर दोघांचं वेगवेगळं चाललंय

परळची_आई:
मुलगी अडीच महिन्यांची आहे. सासूबाई गावाहून बाळगुटीचा डबाच घेऊन आल्यात, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा, वेखंड सगळं. रोज सकाळी सहाणेवर एकेकाचे दोन वेढे उगाळून माझ्या दुधातून चाटवायचं म्हणतात. शिवाय काळ्या दोऱ्यात वेखंडाचा तुकडा ओवून मनगटाला बांधायचाय, दृष्ट लागत नाही आणि मूल लवकर बोलतं म्हणून. डॉक्टर म्हणाले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. सासूबाईंनी तीन मुलं ह्याच गुटीवर वाढवलीत, त्यांचं मन मोडवत नाही पण भीतीही वाटते. कोणी दिलंय का?

गिरगावची_आजी:
अगं वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात, वाचेशी नातं सांगणारं नाव, म्हणून जीभ जड असली की वेखंड हे आमच्याकडे ठरलेलंच. आंघोळीनंतर टाळूला तेल आणि वर चिमूटभर वेखंडाची पूड, सर्दी होत नाही म्हणून. तो उग्र वास आला की मला अजून आईची खोली आठवते. पण नातवाला गुटी नाही दिली हो, डॉक्टरांचं ऐकलं. पूड लावायची तर अगदी जराशी, नाकातोंडात उडता कामा नये. आणि धुरी खोलीत कोंडून देऊ नकोस, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत धूर बाळाच्या छातीत जातो.

वैद्य_दादर:
पोटात देऊ नका. वेखंड हे पाणथळ जागी वाढणाऱ्या झाडाचं जमिनीतलं खोड, आयुर्वेदात उलटी करवायला वापरतात आणि तेही आधी शोधन करून. बाजारातला तुकडा शुद्ध केलेला असतोच असं नाही. त्यात बीटा-असरोन नावाचं अपायकारक रसायन असतं, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थात वेखंडाला बंदी आहे. वेढ्यांचं माप पण फसवं, सहाण किती खरखरीत आणि हात किती दाबला त्यावर दुप्पट-तिप्पट उतरू शकतं. आणि कोणी मधात चाटवा म्हणालं तर अजिबात नाही, वर्षाच्या आत मध नकोच, बोट्युलिझमचा, म्हणजे बाळाचे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो.

भांडुपकर_मावशी:
मनगटालाही नको गं!! माझ्या बहिणीच्या मुलाने चौथ्या महिन्यात दोरा चोखून चोखून सैल केला आणि तुकडा तोंडात, बहीण तिथेच होती म्हणून बोट घालून काढता आला, नाहीतर काय झालं असतं विचारच करवत नाही.

परळची_आई:
सगळ्यांना थँक्यू. वैद्यांचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या उलटीचं औषध आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुकडा आता देव्हाऱ्यात ठेवलाय, संध्याकाळी दिवा लावला की त्याला हळदकुंकू वाहतात, आणि बाळाची दृष्ट मीठ-मोहरीने काढतात. गुटीचा डबा कपाटावर.