बारावीला बायो नव्हतं, तरी बीएस्सी झूलॉजी करता येईल का?

बेडूकराव_कराड

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. 2024 ला बारावी सायन्स झालो, 71 टक्के, पण ग्रुप पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि बायोच्या जागी कॉम्प्युटर सायन्स बायफोकल, म्हणजे व्यवसाय विषय. तेव्हा क्लासवाल्या सरांपासून मामापर्यंत सगळ्यांचं एकच, बायफोकल घे, 200 मार्कांचं स्कोअरिंग आहे, पुढं इंजिनीअरिंगच करायचंय तर बायोची जर्नलं कशाला भरत बसतोस. घेतलं. इंजिनीअरिंगचं एक वर्ष केलं, पासही झालो, पण मन लागेना म्हणून सोडलं.

खरं वेड बेडकांचं आहे, हसू नका. पाऊस लागला की आम्ही तिघं चौघं रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडतो, पाटणची बाजू, कोयना, कधी आंबोलीपर्यंत. नुसते फोटो नाही, मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा कुठपर्यंत आलाय, बोटांच्या टोकाला चकती आहे का, कानाचा पडदा दिसतो का, ओरडताना गळा एकच फुगतो का दोन बाजूंनी, सगळं वहीत लिहितो. गाइड बघून ओळखायला जमतंय आता, पण एखादा रिसर्च पेपर उघडला की तिसऱ्या ओळीला गाडी अडकते. म्हणून ठरवलंय रीतसर शिकायचं.

आता अडचण. एका कॉलेजात खिडकीवरच्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं बायो नाही तर प्राणिशास्त्र नाही. दुसऱ्या कॉलेजात म्हणाले सेकंड राऊंडला या, जागा राहिल्या तर बघू. दोघांपैकी खरं कोण? वडील म्हणतात आधी तुला घेतात का ते बघ, मग आपण बोलू. कुणी या वाटेने गेलंय का?

झूलॉजीवाली_प्राची

मी तासिका तत्त्वावर झूलॉजी शिकवते, त्यामुळे ऍडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न दर वर्षी ऐकते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. बीएस्सीला प्रवेश मिळणं वेगळं आणि बीएस्सीत झूलॉजी विषय मिळणं वेगळं. पहिल्यासाठी साधारण बारावी सायन्स पास असलं की झालं, दुसऱ्याचा नियम विद्यापीठागणिक बदलतो, कॉलेज स्वायत्त असेल तर त्यांचा अजून वेगळा, आणि जागा रिकाम्या असल्या की कॉलेजवाले जरा मऊ होतात हे पण खरं.

पण इथेच सांभाळ. कॉलेजने फी घेतली, पावती दिली म्हणजे ऍडमिशन झाली असं समजू नकोस, विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेची मंजुरी, नंतर येते. एका ओळखीतल्या पोराला असंच घेतलं, पोरगा खूश, जर्नलला कव्हरं पण घालून झाली, आणि दिवाळीनंतर एलिजिबिलिटीत त्रुटी निघाली, मग फिजिक्सच्या बॅचला जाऊन बसावं लागलं. म्हणून खिडकीवर विचारू नकोस, विभागप्रमुखांना भेट, माहितीपत्रकातली ओळ दाखवा म्हण, आणि तू कराडचा म्हणजे शिवाजी विद्यापीठ असेल तर त्यांच्या पात्रता विभागाला बारावीचं मार्कशीट जोडून मेल टाक. उत्तराची प्रिंट काढून फाइलला लाव.

आणि हे सगळं करत बसण्यापेक्षा माझं ऐकशील तर सरळ बायो देऊन टाक. बोर्डाच्या फॉर्ममध्ये नियमित, पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार यांच्या बरोबर तुरळक विषय असा पण प्रकार असतो, त्यात एकटा बायोलॉजी घेऊन बसता येतं, विषय कोड 56, थिअरी 70 आणि प्रॅक्टिकल 30. फॉर्म ज्युनियर कॉलेजमार्फत भरायचा, फेब्रुवारी मार्चच्या परीक्षेचे फॉर्म आदल्या वर्षीच दिवाळीच्या आगेमागे सुटतात त्यामुळे आत्तापासून कॉलेज गाठून ठेव, प्रॅक्टिकल कुठे करणार हा खरा प्रश्न तोच आहे. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेचा, तिथे बायोलॉजीचा कोड 314, एकच विषय घेता येतो, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल मे आणि ऑक्टोबर नोव्हेंबर. पण मग हातात दोन बोर्डांच्या दोन मार्कशीट येतात, त्या दोन्ही मिळून चालतील का हे पण त्याच मेलमध्ये विचारून घे.

बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो केलं तर ते दुय्यम असं काही नाही. मेडिकलच्या नीटला सुद्धा एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) 2023 च्या नोव्हेंबरात असं केलेलं बायो चालेल म्हणून जाहीर केलंय.

सह्याद्रीचा_काका

अरे बाळा कशाला या कागदांच्या मागे लागतोस. पक्षीवाल्या सालिम अलींकडे कुठे होती डिग्री? माणूस जगात गाजला. तू रान तुडवतोयस, वही लिहितोयस, तेच खरं शिक्षण. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्ष्यांचे, किड्यांचे, सरपटणाऱ्यांचे कोर्स असतात, ते कर, बारावीला काय होतं कोणी विचारत नाही. डिग्रीवाले किती बघितले, बेडूक समोर टाकला तर कोणता ते सांगता येत नाही.

झूलॉजीवाली_प्राची

काका, बीएनएचएसचे कोर्स चांगलेच आहेत, ते त्याने करावेतच. पण सालिम अलींचं उदाहरण तुम्ही उलटं दिलंत. 1917 ला मुंबईत परत आल्यावर ते सकाळी दावर्स कॉलेजात कॉमर्स शिकायचे आणि तिथून झेवियर्सला जाऊन झूलॉजीचे तास करायचे, तिथल्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना त्यात ओढलं होतं. म्हणजे प्राणिशास्त्र वर्गात बसूनच शिकले. आणि पुढे झूलॉजिकल सर्व्हेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली तेव्हा विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना ती मिळाली नाही! एवढा मोठा माणूस, त्यांनाही कागद नडला, आपला बेडूकराव तर कराडचा.

सह्याद्रीचा_काका

बरं बाई, जिंकलीस. पण बेडूक ओळखण्याचा मुद्दा मी सोडत नाही.

पाषाणवाला

मी आयसर पुण्याला आहे, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत, पदवी आणि एमएस एकत्र असलेल्या बीएस-एमएसला, बारावीला माझं पण बायो नव्हतं. आयसरच्या ऍप्टिट्यूड टेस्टला बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स या चारांतले तीन विषय बारावीला असले की बसता येतं, म्हणजे पीसीएम चालतं. अट 60 टक्क्यांची असते ओपनला, तुझे 71 आहेत. पेपरमध्ये प्रत्येक विषयाचे 15 असे 60 प्रश्न, बरोबरला 4, चुकीला वजा 1. बायोचे 15 सोडून आलेले पण लोक माझ्या बॅचला आहेत, पण तू एनसीईआरटी वाचून त्यातले निम्मे जरी काढलेस तरी फरक पडतो. किती वर्षांपूर्वीची बारावी चालते ते तेवढं त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ, तुला गॅप आहे. नेस्ट ही एंट्रन्स पण दे, त्यावर भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिन्याचं सीईबीएस या तशाच विज्ञान संस्था मिळतात.

पण एक सांगतो, इथे झूलॉजी या नावाने काही नाही. पहिल्या वर्षी बायो सगळ्यांनाच असतं, नंतर इकॉलॉजी, इव्होल्यूशन, मॉलिक्युलर असं, बेडकांवर काम करणारा गाइड मिळाला तर मजाच. मॅथ्स मात्र सुटत नाही, म्हणजे तू बायफोकल घेऊन जे केलंस ते इथे उपयोगी पडेल उलट.

आणि यूजीसीचे 2025 चे नवे नियम आलेत ना, एंट्रन्स पास झालास तर बारावीला कुठले विषय होते ते न बघता कुठल्याही विषयाच्या डिग्रीला जाता येईल असे, त्याचं काय?

झूलॉजीवाली_प्राची

तो दरवाजा एंट्रन्सचा आहे. आपल्याकडे बीएस्सीला बहुतेक कॉलेजं बारावीच्या मार्कांवरच घेतात, एंट्रन्सच नाही तर त्या नियमाचा हात धरून खिडकीवर भांडता येणार नाही. दिल्ली विद्यापीठात सीयूईटी ही एंट्रन्स आहे पण तिथे झूलॉजी ऑनर्सला त्यात बायोचाच पेपर द्यावा लागतो. तेव्हा फिरून बायोपाशीच.

बेडूकराव_कराड

एवढं सगळं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं, थँक्यू प्राचीताई आणि सगळेच. अजून दोन शंका. इग्नूचं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचं, बीएस्सी कसं आहे, नोकरी करत करता येईल का? आणि दुसरं म्हणजे मी खरंच हाडाचा बेडूकप्रेमी, तिथे पहिल्याच आठवड्यात बेडूक कापायला लावणार असतील तर माझं अवघड आहे.

झूलॉजीवाली_प्राची

बेडूक कापणं आता नाही रे. यूजीसीने 2011 पासून ते कमी करत आणलं आणि 2014 ला झूलॉजीच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन बंदच केलं. आता परमनंट स्लाइड, मॉडेल, चार्ट, फॉर्मलिनच्या बरण्यांतले जुने नमुने आणि आकृत्या. आकृत्या मात्र ढिगाने, टोक काढलेल्या पेन्सिलने, लेबलं सगळी एका बाजूला, बाण एकमेकांना छेदले की आमच्या मॅडम जर्नल परत फेकायच्या.

इग्नूच्या बीएस्सीला बारावी सायन्स चालते आणि झूलॉजी विषय घेता येतो, पण लॅबला हजेरी सक्तीची, आणि ती लॅब ज्या अभ्यासकेंद्रावर असेल तिथे सलग दिवस काढून जावं लागतं. नोकरीवाल्याला रजा मिळत असेल तर ठीक. तुझं वय बघता मी तरी म्हणेन रेग्युलर कर, शेजारी बसून स्लाइड दाखवणारं कुणीतरी पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तर राहिलंच. तुरळकमधून बायो दिलास तर परीक्षा बारावीच्या पुस्तकावर होते, त्यात वनस्पतींचं पुनरुत्पादन, मानवी पुनरुत्पादन, आनुवंशिकता, रक्ताभिसरण, रोग, परिसंस्था असं आहे. झूलॉजीचा पाया आहे तो अकरावीच्या पुस्तकात. प्राणिसृष्टीचं वर्गीकरण तिथे चौथ्या धड्यात आहे आणि अकरावा अख्खा धडा झुरळावर. पास होण्यासाठी ते कोणी विचारणार नाही आणि एफवायला पहिल्या तासापासून ते येतं असं धरून शिकवतात. पीसीएमवरून आलेली पोरं जिथे गळपटतात ती जागा हीच, हुशारी कमी नसते, बाजूचा प्लॅटिहेल्मिंथिस (चपटे कृमी) म्हणाला की यांच्या चेहऱ्यावर बस चुकल्यासारखं दिसतं. दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, आज रात्री उतरवून घे.

रातगस्त

मी वनखात्यात आहे. तीन गोष्टी, एक तर वनखात्यासाठी झूलॉजी करत असशील तर गरज नाही. यूपीएससीच्या आयएफएसला (भारतीय वनसेवा) आणि एमपीएससीच्या वनसेवेला इंजिनीअरिंगची डिग्री पण चालते, आमचे किती साहेब बीई मेकॅनिकल आहेत. वनरक्षकाला तर बारावीवर भागतं.

दुसरं, तुझं एक वर्ष झालंय इंजिनीअरिंगचं. ते पूर्ण करून पण प्राण्यांकडे येता येतं, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वाइल्डलाइफ बायोलॉजीचं एमएस्सी आहे तिथे पदवी कुठल्या शाखेची यावर अडत नाही, आमच्याकडे कॅमेरा ट्रॅपच्या कामाला आलेल्या टीममध्ये एक सॉफ्टवेअरवाली होती तिथली. ऍडमिशन दर वर्षी नसते आणि एंट्रन्स कडक असते तेवढं लक्षात ठेव.

तिसरं, कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. रात्री टॉर्च घेऊन आत फिरतोस ते परवानगी काढून फिरतोस ना? नसशील तर रस्त्याच्या कडेच्या ओढ्यावर काय ते बघ, आत सापडलास तर झूलॉजी राहील बाजूला.

बेडूकराव_कराड

नाही नाही साहेब, आम्ही घाटरस्त्यावरच असतो, आत जात नाही.

इंजिनीअरिंगला परत नाही जाणार, ते नक्की. वडिलांना प्राचीताईंचं उत्तर वाचून दाखवलं, एलिजिबिलिटीचं ऐकून म्हणाले ही बाई शहाणी आहे, आधी बायो दे. म्हणजे या वर्षी तुरळकचा फॉर्म, सोबत आयसरची टेस्ट देऊन बघतो, पात्रता विभागाला मेल आत्ताच टाकलाय.

कराड, सातारा, सांगलीकडच्या कुणी तुरळकमधून बायो दिलंय का, प्रॅक्टिकलला कुठलं ज्युनियर कॉलेज उभं करतं? नाव इथे नको असेल तर मेसेज करा.

सह्याद्रीचा_काका

कोल्हापूरला माझा मेहुणा ज्युनियर कॉलेजला बायो शिकवतो, त्याला विचारून सांगतो उद्यापर्यंत. तोवर त्या वहीतली दोन चार पानं फोटो काढून टाक की इथे, बघू कोणते बेडूक ते.