एचआयव्ही औषधांच्या अ‍ॅपवरचे अभ्यास: नोंदींचा दर्जा तपासायचा कसा?

आढावा_विद्यार्थिनी
एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्या रोज वेळेवर घेतल्या जाव्यात म्हणून बनवलेल्या मोबाइल अ‍ॅपवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेते आहे. अ‍ॅप उपयोगी पडलं का, हा माझा प्रश्न नाही. अभ्यासकांनी काय केलं ते नीट लिहिलंय का, एवढंच तपासायचं आहे. त्यासाठी तपासयादी कोणती घ्यावी, एमईआरए (mERA) की कन्सॉर्ट-ईहेल्थ (CONSORT-EHEALTH)? 'पूर्ण', 'अर्धवट', 'नाही' यांना २, १, ० गुण देऊन बेरीज केली तर चालेल का? लेखात नसलेली माहिती प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात) सापडली तर धरायची का?

संख्याशास्त्र_कट्टा
दोन्हींचं काम वेगळं आहे. एमईआरए २०१६ची, १६ मुद्द्यांची. नेटवर्कची सोय, वापरसुलभता, खर्च, माहितीची सुरक्षितता, योजना ठरल्याप्रमाणे पोहोचली का, हे सगळं तिच्यात येतं, आणि अभ्यासाचा आराखडा कुठलाही असला तरी ती लावता येते. कन्सॉर्ट-ईहेल्थ २०११ची, यादृच्छिक चाचण्यांसाठी (म्हणजे कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेल्या). म्हणून सगळ्या अभ्यासांना एमईआरए लावा आणि फक्त यादृच्छिक चाचण्यांना कन्सॉर्ट-ईहेल्थ, वेगळ्या तक्त्यात. नियंत्रण गटच नसलेल्या पायलट अभ्यासाला 'यादृच्छिकीकरण लिहिलं नाही' म्हणून शून्य देणं अन्याय आहे. तिथे 'लागू नाही' लिहा.

बेरीज करू नका. अ‍ॅपचा खर्च न लिहिणारा आणि सूचनांचा मजकूरच न देणारा, दोघांचे सारखेच गुण कापले जातात. पण दुसऱ्या अभ्यासातलं अ‍ॅप पुन्हा कुणाला बनवताच येणार नाही. शिवाय 'लागू नाही'मुळे प्रत्येकाचा छेद बदलतो. मुद्दावार तक्ता द्या: कोणता मुद्दा किती अभ्यासांनी पूर्ण लिहिला.

प्रोटोकॉल, नोंदणी, पुरवणी यांचं काय करायचं ते काम सुरू करण्याआधी ठरवा आणि स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये लिहून टाका. माझं मत: लेखात संदर्भ दिलेला असेल तर धरा, पण 'इतरत्र नोंद' असा वेगळा रकाना ठेवा. लेखकांनी ईमेलने कळवलेलं मात्र 'नोंदवलं' म्हणून धरू नका.

एआरटी_समुपदेशक
साध्या चेकलिस्टमधून एक गोष्ट निसटते आणि या विषयात तीच सर्वांत महत्त्वाची आहे: 'नियमितता' म्हणजे नेमकं काय मोजलं? रुग्णाने स्वतः सांगितलेलं असेल तर ७ दिवसांचं की ३० दिवसांचं? गोळ्या मोजल्या असतील तर न सांगता मोजल्या का? इलेक्ट्रॉनिक झाकणाची बाटली फक्त उघडल्याची वेळ नोंदवते, आणि आठवड्याच्या गोळ्या एकदाच काढून ठेवणारा माणूस तिच्या नोंदीत अनियमित दिसतो. 'नियमित' म्हणजे ९५ टक्के की ८०? व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) मर्यादा ५०, २००, ४०० की १००० कॉपी प्रति मिलिलिटर? हे नसेल तर 'मोजमाप: पूर्ण' अशी खूण करू नका.

छेदही पाहा. समजा गटात १०० जण, ८० जणांची तपासणी झाली, ७२ जणांचा विषाणू आटोक्यात. तपासलेल्यांत हे ९० टक्के, मूळ गटात ७२. कोणता आकडा दिला आणि गैरहजर २० जणांना कसं धरलं, हे लिहिलेलं हवं.

नोंद कशी असावी याचं उदाहरण अ‍ॅपमधलं नाही, एसएमएसचं आहे. केनियातली २०१०ची चाचणी, ५३८ रुग्ण. दर आठवड्याला एक संदेश, ४८ तासांत उत्तर अपेक्षित, उत्तर न आल्यास किंवा अडचण कळवल्यास दवाखान्याकडून फोन. नियमितता स्वतः सांगितलेली (संदेश मिळालेल्या गटात ६२, दुसऱ्या गटात ५० टक्के) आणि विषाणू-नियंत्रण (५७ विरुद्ध ४८ टक्के), दोन्ही आकडे वेगळे दिलेले.

आणि गोपनीयता! 'डेटा एन्क्रिप्ट केला' एवढ्यावर पूर्ण गुण देऊ नका. लॉक असलेल्या स्क्रीनवर काय दिसतं, अ‍ॅपच्या नावात किंवा चिन्हात एचआयव्ही आहे का, फोन घरात दुसरं कुणी वापरत असेल तर काय केलं, फोन हरवल्यावर माहिती पुसता येते का, हे शोधा. एका नोटिफिकेशनमुळे एखाद्याची लागण घरी उघड होऊ शकते.

आढावा_विद्यार्थिनी
'योजना ठरल्याप्रमाणे पोहोचली' या मुद्द्याखाली बरेच लेख फक्त 'अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं' एवढंच देतात. हे अर्धवट धरू की 'नाही'?

डिजिटल_आरोग्य_परीक्षक
'नाही'. डाउनलोड म्हणजे फक्त सुरुवात. पाठवलेल्या सूचना, फोनवर पोहोचलेल्या, उघडलेल्या आणि 'गोळी घेतली' असं दाबलेल्या, ही चार वेगळी मापं आहेत. त्यांतली निदान पोहोचलेली आणि उघडलेली आठवड्यागणिक दिली तर 'पूर्ण', सरासरीच असेल तर 'अर्धवट'. बॅटरी वाचवणारी सेटिंग कित्येक फोनवर सूचना अडवते. तेव्हा अ‍ॅप निष्प्रभ होतं की सूचना पोहोचलीच नाही, हे या आकड्यांशिवाय कळत नाही. अभ्यास चालू असताना अ‍ॅपची आवृत्ती बदलली का, सर्व्हर बंद पडला का, हेही इथेच तपासा. स्मार्टफोन नाही म्हणून किती जण आधीच गळले, ते मात्र सहभागींच्या मुद्द्यात.

दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे खुणा कराव्यात. आधी ४-५ लेखांवर सराव, मग नियमांची भाषा पक्की करा. कप्पा (kappa, दोघांच्या खुणा किती जुळतात ते सांगणारा आकडा) प्रत्येक मुद्द्याचा वेगळा काढा. 'पूर्ण' आणि 'अर्धवट' यांच्या सीमेवरच मतभेद जास्त होतात आणि एकत्रित कप्पात ते झाकले जातात. प्रत्येक खुणेसमोर लेखातलं मूळ वाक्य आणि पान क्रमांक उतरवून ठेवा. वाक्य सापडत नसेल तर खूण 'नाही'.