मदत हवी आहे: शिंपल्याच्या प्रयोगातला गैरसमज कसा टाळावा?

नववीला समुद्राचं आम्लीकरण (हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाण्याचा सामू घटणं) शिकवायचं आहे. पहिला भाग जमतो: लाल कोबीच्या उकळलेल्या पाण्याचे काही थेंब 50 मिलि शुद्ध पाण्यात टाकून नळीने फुंकलं की रंग लालसर होऊ लागतो. (बोअरचं पाणी नको. त्यातली बायकार्बोनेटं आम्ल शोषतात, रंग फारसा हलत नाही.)

अडचण पुढे आहे. व्हिनेगरचा सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 2.5, त्यात शिंपला फसफसून विरघळतो. समुद्राचा सामू मात्र औद्योगिक क्रांतीपासून 8.2 वरून 8.1 वर आलाय. मुलांना वाटतं, शंख-शिंपले समुद्रात वितळताहेत! खरा मुद्दा कार्बोनेट आयन (कवचाचा कच्चा माल) कमी होऊन कवच घडवणं अवघड होण्याचा आहे.

व्हिनेगरऐवजी बंद बाटलीत सोडावॉटर रोज बदलून, शिंपले वाळवून 0.01 ग्रॅमच्या काट्यावर तोलले तर किती दिवसांत फरक दिसेल? पातळ शिंपले घ्यावेत की अंड्याचं कवच? आणि आयनांचा मुद्दा वर्गात दाखवायला कुणाकडे सोपी कृती आहे का?