चोचीत पाणी ओतू नका

ताई, कुत्र्याने मानेला धरलेली तुमची तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, दोन दिवस दाणा टिपत नाही, म्हणून तुम्ही चमच्याने चोचीत पाणी ओतताय. ते आधी थांबवा. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते, ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. बोट बुडवून चोचीच्या कडेला एकच थेंब लावा. तिने गिळला की मग पुढचा.

आमच्या देवगडच्या घरी मुंगसाने धरलेल्या कोंबडीला मी असंच 11 दिवस भरवलं. करवंटीत उकड्या तांदळाची पेज, बिनमिठाची, कोमट, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. पंच्यात गुंडाळून मांडीवर घ्यायची. डोळे मिटून निपचित असायची, पण पिवळा बलक समोर आला की मान हळूच वळायची. चौथ्या दिवशी तिने माझ्या नखावरची कणी स्वतः टिपली, तेव्हा मला रडूच आलं.

रोज सकाळी भरवण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रीत ती रिकामी व्हायला हवी. तशीच फुगलेली लागली तर भरवू नका, गुरांच्या दवाखान्यात न्या. माश्यांपासून जखम जपा, आपल्या दमट हवेत अळ्या फार लवकर पडतात.

आणि तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवा, कारण बाकीच्या रक्त दिसलं की टोचतात. पण डालगं पडवीतच असू दे. बाहेर दाणे टिपल्याचा आवाज आला की तीही चोच हलवायला लागेल.