मेडिकल करता करता स्टॅटिस्टिक्स शिकायचंय, आत्ता की नंतर?

निशिगंध_२१

नमस्कार सगळ्यांना. मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टरच व्हायचं होतं आणि अजूनही व्हायचंय, त्याबद्दल मनात काही शंका नाही, पण बारावीनंतर गणित सुटलं ते मात्र टोचत राहतं.

मध्यंतरी एका लेक्चरला मॅडमनी प्रश्न विचारला. एक आजार शंभरात एकाला आहे. टेस्ट अशी की शंभर आजारी असतील तर नव्वदांना पकडते, पण शंभर निरोगी माणसांतल्या नऊ जणांनाही उगाच पॉझिटिव्ह दाखवते. आता एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याला खरंच आजार असायची शक्यता किती? आख्खा वर्ग म्हणाला नव्वद टक्के, मीपण. मग मॅडमनी फळ्यावर १००० माणसं घेतली. आजारी १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले ८९ पॉझिटिव्ह. म्हणजे एकूण ९८ पॉझिटिव्ह आणि त्यात खरे आजारी फक्त ९. दहात एकसुद्धा नाही! मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, कारण उद्या असा रिपोर्ट हातात घेऊन मी कुणालातरी काहीतरी सांगणार आणि समोरचा माणूस ते आयुष्यभर धरून बसणार.

तेव्हापासून डोक्यात आहे की स्टॅटिस्टिक्स नीट शिकायचं, वरवरचं नाही. तीन रस्ते दिसतात. मेडिकलसोबतच बाहेरून दुसरी डिग्री, किंवा मध्येच एक-दोन वर्षं थांबून, किंवा सगळं झाल्यावर मास्टर्स. घरचे म्हणतात दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. ज्यांनी कुणी मेडिकलसोबत दुसरं काही शिकलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, काय कमावलं काय गेलं.

मध्यरात्रीचा_कॉल

मी पहिला रस्ता घेतला होता आणि दीड वर्षात सोडला, म्हणून आधी मीच लिहितो. तिसऱ्या वर्षाला असताना बाहेरून गणिताची डिग्री सुरू केली, मला वाटलं रोज रात्री दोन तास काढले की होईल. पहिले तीन महिने झालंपण. मग सर्जरीची पोस्टिंग लागली, सकाळी सातला राउंड, दुपारी ऑपरेशन थिएटर, एक दिवसाआड रात्रपाळी, आणि गणिताची गंमत अशी की ते तुकड्या तुकड्यात होत नाही, एका सिद्धतेत चाळीस मिनिटं डोकं घालून बसलं की पंचेचाळिसाव्या मिनिटाला उजेड पडतो आणि नेमका चाळिसाव्या मिनिटाला कॉल यायचा, परत आलो की पहिल्या ओळीपासून. अ‍ॅनाटॉमी तरी तुकड्यात पाठ करता येते, गणिताला सलग वेळच लागतो.

शेवटी झालं असं की प्रोबॅबिलिटीचा पेपर आणि मेडिसिनची इंटर्नल एकाच आठवड्यात आली, दोन्हीकडे कसाबसा काठावर पास झालो आणि मला त्या दोन्ही पासांची लाज वाटली. वॉर्डात एका आजींची हिस्टरी घेताना त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या की दम पायऱ्या चढताना नाही, झोपल्यावर लागतो, आणि मी ऐकतच नव्हतो. आडवं झाल्यावर लागणारा दम ही हार्टकडे बोट दाखवणारी गोष्ट आहे, ती मी कागदावर लिहिलीच नाही. सीनियरनी पकडलं म्हणून ठीक. त्या दिवशी फी गेली तरी चालेल म्हणून डिग्री सोडली.

ताई, तू हुशार असशील माझ्यापेक्षा, पण प्रश्न हुशारीचा नाहीये. क्लिनिकल वर्षांत सोबत डिग्री करू नको एवढंच मनापासून सांगतो.

आकडेवाली_डॉक्टर

निशिगंध, तुझा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं. मी मेडिकल, मग पीजी म्हणजे पदव्युत्तर, आणि त्यानंतर बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे वैद्यकीय आकडेवारीच्या शास्त्रात, मास्टर्स केलं. आज दोन्ही कामं करते, आठवड्यातले तीन दिवस ओपीडी आणि उरलेले दिवस ट्रायलचा, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांचा डेटा.

आधी एक विचारते. तुला गणित परत हवंय की तुझ्याकडे एखादा प्रश्न आहे जो गणिताशिवाय सुटत नाही? दोन्ही चांगलीच कारणं आहेत, पण रस्ते वेगळे होतात. गणितच हवं असेल तर गणितवाल्यांमध्ये जाऊन बस, त्यांच्यासोबत एक्सरसाइज सोडव, त्यांचीच परीक्षा दे. डॉक्टरांसाठी सोपं करून दिलेले कोर्स असतात, त्यात सॉफ्टवेअरमधलं कुठलं बटण कधी दाबायचं ते कळतं, बटणाच्या आत काय चाललंय ते कळत नाही. माझं पहिलं सेमिस्टर लिनियर अल्जेब्रात रडत गेलं, वर्गात सगळे माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. पण आज एखादं मॉडेल वेडंवाकडं उत्तर द्यायला लागलं की ते का देतंय हे मला दिसतं ते त्या सेमिस्टरमुळे.

आणि प्रश्न असेल तर डिग्रीच्या आधीही काम सुरू होतं. १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो हे डॉक्टर घरोघरी जाऊन विचारत होते की तुमच्याकडे पाणी कुठल्या कंपनीचं येतं. एक कंपनी थेम्सचं शहरातलं घाण पाणी उचलायची, दुसरी वरच्या अंगाचं स्वच्छ. दोघींचे पाइप कितीतरी भागांत एकाच रस्त्यावरून गेलेले, शेजारी शेजारी घरं, तीच गरिबी, तीच हवा, फरक फक्त पाण्याचा. दर १०,००० घरांमागे मृत्यू निघाले ३१५ आणि ३७! जंतू तेव्हा फारसं कुणी मानतसुद्धा नव्हतं. मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर भागिले घरं हे त्यांना सुचलं. नुसते मृत्यू मोजले असते तर मोठ्या कंपनीकडे जास्त मेले एवढंच म्हणता आलं असतं.

रोनाल्ड रॉस यांचं पण बघ. १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, १९०२ ला नोबेल मिळालं, तिथं थांबता आलं असतं. पण हा माणूस स्वतः पुस्तकं घेऊन गणित शिकला होता, त्यानं समीकरणं मांडून दाखवलं की मलेरिया थांबवायला शेवटचा डास मारायची गरज नाही, डासांचं प्रमाण एका पातळीच्या खाली गेलं की आजार आपोआप ओसरत जातो. लोक तेव्हा म्हणायचे सगळे डास मारणं शक्य नाही मग कशाला सुरू करायचं, त्याला उत्तर गणितातून आलं. मायक्रोस्कोपखाली ते कधीच दिसलं नसतं.

आणि आपल्या ओळखीचं म्हणजे अभय बंग आणि राणी बंग. दोघं आधी डॉक्टर, मग जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून परत आले. गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्यानं मृत्यू किती कमी झाले हे बाजूच्या गावांशी तुलना करून १९९९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. उपचार तर केलेच, पण मोजलेपण, म्हणून जगाला मानावं लागलं. दुसऱ्या शिक्षणाचा उपयोग काय असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

माझं मत विचारशील तर आत्ता डिग्री पूर्ण कर, इंटर्नशिप कर, मग मास्टर्स. कारण वॉर्ड बघितल्याशिवाय चांगले प्रश्न सुचत नाहीत.

प्रयोगशाळेतून_परत

वरच्या मॅडमशी बरंचसं सहमत, एका बाबतीत नाही. सगळं झाल्यावर कर म्हणणं सोपं आहे पण सगळं कधीच होत नाही. इंटर्नशिप, मग पीजीची तयारी, मग पीजी, मग घरच्या जबाबदाऱ्या, आणि माणूस कमवायला लागला की परत विद्यार्थी होणं फार जड जातं. मेडिकलनंतर करू म्हणणारे किती मित्र होते, आठवून बघितलं तर केलं दोघांनी.

ज्या देशांत याची नीट सोय आहे तिथं म्हणूनच मध्येच थांबवतात. ब्रिटनमध्ये मेडिकलचे विद्यार्थी मधलं एक वर्ष काढून दुसऱ्या विषयात बीएस्सी करतात, कुणी फिजिऑलॉजी घेतं तर कुणी हिस्टरी ऑफ मेडिसिन किंवा तत्त्वज्ञानसुद्धा, आणि मग परत आपल्या मेडिकलला येतात. अमेरिकेत एमडी-पीएचडी असते, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधनाची डिग्री एकत्र, साधारण पहिली दोन वर्षं मेडिकलची, मग मध्ये तीन ते पाच वर्षं पीएचडी, मग शेवटची क्लिनिकल वर्षं, असं मिळून आठेक वर्षं जातात. तिथल्या सरकारचा यासाठीचा निधी १९६४ पासून चालू आहे. थांबायची जागा बघा, क्लिनिकल सुरू व्हायच्या आधी. तू दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणजे त्याच उंबऱ्यावर आहेस. तुझ्या कॉलेजात मध्ये रजा घेता येते का, सीट राहते का, डिग्री किती वर्षांत पूर्ण करावी लागते, हे आजच ऑफिसात जाऊन लेखी विचार. तोंडी कुणाचं ऐकू नको, मी ऐकलं होतं आणि एक टर्म वाया गेली.

मी क्लिनिकल वर्षं अर्धी झाल्यावर थांबलो, ती चूक. चार वर्षं लॅबमध्ये न्यूरॉनचे सिग्नल मोजत होतो. परत वॉर्डात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी एका काकांना सलाइन लावायचं होतं. टर्निकेट बांधलं, शीर चांगली दिसत होती, बोटाला लागत होती, सुई घातली आणि रक्त आलंच नाही. दुसऱ्यांदा पण नाही. काका म्हणाले राहू दे बाळा, सिस्टरना बोलव. पूर्वी हेच मी अंधारात करायचो. हात विसरतो, डोकं विसरत नाही असं लोक म्हणतात पण औषधांचे डोसपण गेले होते. सहा महिने लागले सगळं परत यायला, तेही रोज ओपीडी संपल्यावर थांबून केलं म्हणून. माझ्या बॅचचे लोक तोवर सीनियर झालेले, त्यांना सर म्हणावं लागलं, त्याचं मला काही वाटलं नाही, पण काहींना वाटतं, मनाची तयारी असू दे.

मिळालं काय? एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ माहितीय ना. त्याला फिजिक्स शिकायचं होतं, घरी पैसे नव्हते, सैन्यात नोकरी करायच्या बोलीवर मेडिकल फुकट मिळालं म्हणून डॉक्टर झाला. पण फिजिक्स सोडलं नाही. नसेतून संदेश किती वेगानं जातो हे कधी मोजताच येणार नाही असं त्याचे गुरू म्यूलर म्हणायचे, यानं बेडकाच्या नसेवर मोजून दाखवलं, सेकंदाला तीसेक मीटर, म्हणजे विजेच्या मानानं अगदीच सावकाश. आणि १८५१ मध्ये डोळ्याच्या आतला पडदा बघायचं यंत्र जगासमोर ठेवलं. बाहुली काळी का दिसते हा प्रश्न डॉक्टरांच्या रोज डोळ्यासमोर होता, पण प्रकाश ज्या वाटेनं आत जातो त्याच वाटेनं परत येतो आणि त्या वाटेत बघणाऱ्याचं डोकं आड येतं हे फिजिक्सवाल्याला सुचलं. लॅबमध्ये मी हे शिकलो, रोजची गोष्ट परक्यासारखी बघायला. पेशंट बघतानापण उपयोगी पडतं.

वायर_आणि_सर्किट

मी डॉक्टर नाही, बायोमेडिकल इंजिनियर आहे. पलीकडच्या बाजूनं सांगतो.

आम्ही ईसीजी मॉनिटरवर काम करत होतो, एका वॉर्डात सारखे खोटे अलार्म यायचे, नर्सेस वैतागून आवाज बंद करून टाकायच्या आणि ते धोक्याचं. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर बदलत बसलो. मग टीममध्ये एक डॉक्टर आल्या ज्यांनी नंतर सिग्नल प्रोसेसिंग शिकलं होतं. त्या दुपारभर पेशंटच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, माणूस डाव्या कुशीवर वळला की काखेजवळच्या इलेक्ट्रोडखालची कातडी ताणली जाते, अलार्म तेव्हाच येतो, आणि ताणाचा हा सिग्नल कमी फ्रिक्वेन्सीचा आहे, तुमचा फिल्टर चुकीच्या टोकाला लावलाय. पहिलं अर्धं वाक्य डॉक्टर बोलली आणि दुसरं इंजिनियर. दोन वेगळी माणसं असती तर मध्ये चार मीटिंगा आणि दोन महिने गेले असते.

मात्र सगळं एकाच डोक्यात असायला हवं असंही नाही. सीटी स्कॅनसाठी १९७९ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं ते हाउन्सफील्ड इंजिनियर आणि कॉरमॅक फिजिक्सवाले, डॉक्टर दोघंही नाहीत. त्यामुळे दुसरी डिग्री झालीच नाही तरी त्या विषयाच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता येण्याइतकं शिक, तेवढ्यानंही खूप फरक पडतो.

काळा_कोट_पांढरा_कोट

मेडिकलनंतर लॉ केलं, नोकरी सांभाळून. जमलं, कारण लॉ वाचून होतं आणि वाचन प्रवासात, ड्यूटीच्या मध्ये कुठंही होतं. म्हणजे सोबत करावं की थांबून हे विषयावर पण असतं, सरसकट नाही. लॉ शिकल्यावर माझी संमतिपत्र घ्यायची पद्धतच बदलली. आधी सही कुठं करायची ते दाखवायचे, आता आधी पेशंटला विचारते की मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. निम्म्या वेळा काहीतरी भलतंच समजलेलं असतं.

निशिगंध_२१

सगळ्यांचे खूप खूप आभार, परत परत वाचतेय. सोबत डिग्री हा पर्याय मी आजच काढून टाकला, मध्यरात्रीचा_कॉल दादा तुमच्या त्या आजींचं वाचून. थांबायचं की नंतर ते ऑफिसात विचारल्यावर ठरवेन, अर्ज लिहून ठेवलाय. आकडेवाली ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटलं होतं गणितच हवंय असं, पण दोन दिवस विचार केला तर डोक्यात सारखं तेच येतं की आमच्याकडे रोज जी टेस्ट करतात तिचे पॉझिटिव्ह किती आणि त्यातले खरे किती हे कुणी मोजलंय का. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या जुनी रजिस्टरं आहेत, एथिक्स कमिटीची परवानगी मी बघते, मिळाली की बस. नावं न घेता फक्त आकडे उतरवायचे. पाचशेएक नोंदी असतील. कुठून सुरू करू?

आकडेवाली_डॉक्टर

अगं मस्तच! आधी काहीही मोजू नको. पहिल्या पन्नास नोंदी नुसत्या वाच. रजिस्टर दोन-तीन हातांनी लिहिलेलं असेल, एकजण निगेटिव्हला रेघ मारतो, दुसरा रिकामं सोडतो, आणि टेस्टच झाली नाही तरी रिकामंच असतं. रेघ म्हणजे काय आणि रिकामं म्हणजे काय हे तिथं लिहिणाऱ्या टेक्निशियन काकांना बसून विचार, तेही तारखेनुसार, कारण लिहिणारा माणूस मध्येच बदललेला असतो. आणि पॉझिटिव्ह आलेल्यांची पुढं पक्की तपासणी झाली का ते बघ. निगेटिव्ह आलेल्यांची बहुतेक कुणी केलेली नसेल, मग टेस्टमधून किती आजारी निसटले हे या रजिस्टरवरून कळणार नाही, पण पॉझिटिव्हमधले खरे किती हे कळेल, आणि तुला तेच हवंय. पन्नास झाल्या की इथंच लिही, कॉलम कसे करायचे ते मी सांगते.